स्ट्रोकनंतर शब्द सापडत नाहीत, ठाण्यात स्पीच थेरपिस्ट सुचवा

पाचपाखाडीकरीण: बाबांना (६८) दोन महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. चालतात आता, पण बोलायला गेले की अडतं, चष्मा हवा असला की चमचा म्हणतात आणि मग स्वतःवरच चिडतात. गंमत म्हणजे अथर्वशीर्ष सुरू करून दिलं की अख्खं म्हणतात आणि पुढच्याच मिनिटाला चहा मागता येत नाही. आत्या म्हणते नाटकं करतोय. नौपाडा-मानपाडा पट्ट्यात कोणी आहे का?

वडापाव_नि_विज्ञान: नाटक नाही हो, अफेजिया आहे हा, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने भाषाच अडते. पाठ असलेलं, म्हणजे स्तोत्र, आकडे, अगदी शिव्या, हे बऱ्याचदा शाबूत राहतं, नवीन वाक्य जुळवायचं काम मात्र अडतं. १८६१ साली पॅरिसला डॉ. ब्रोकांकडे एक पेशंट होता, काहीही विचारा तो 'तान तान' म्हणायचा, पण समजायचं बरंच, आणि चिडला की शिवी मात्र नीट निघायची! वारल्यावर मेंदू बघितला तर इजा डावीकडे, पुढच्या भागात. नंतर १८७४ मध्ये वेर्निके नावाच्या जर्मन डॉक्टरांनी उलटा प्रकार मांडला, माणूस भराभर बोलतो पण त्याला अर्थ नाही आणि समोरच्याचंही कळत नाही. बाबांना चूक कळतेय ना, मग अर्थ बराचसा आत आहे, शब्द हाती लागत नाहीये एवढंच.

कळव्याचा_काका: रोज बदाम आणि ब्राह्मी द्या.

वाशी_टू_ठाणे: काका, प्लीज. ताई, थेरपिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन बघा आणि मराठीत थेरपी देणार का ते आधी विचारा. आमच्या आईला एका ठिकाणी इंग्लिश कार्डं दाखवायचे, स्ट्रॉबेरी न् काय काय, तिने जन्मात खाल्ली नव्हती. मग आम्हीच घरातली लाटणं, सांडशी, तांब्या यांचे फोटो काढून नेले, तेव्हा कुठे गाडी हलली. सरकारीत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहे, लांब पडतं पण एकदा नीट तपासणी करून घ्या. आणि सहा महिन्यांनी काही सुधारत नाही म्हणतात ते मनावर घेऊ नका, आईला दुसऱ्या वर्षीही नवे शब्द यायचे.

पाचपाखाडीकरीण: थँक्यू, आत्याला हा धागाच पाठवला. आज चहाच्या वेळी मी नुसतं 'च...' म्हटलं, तर बाबा म्हणाले 'चमचा', आणि मग दोघंही हसत बसलो.