कॅराव्हॅन ट्रेलरमध्ये घाण वास : टाकी धुतली तरी येतोय, नेमका शोधायचा कसा?

धोमकाठ

नमस्कार मंडळी. वाईजवळ आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथं पाहुण्यांसाठी सोळा फुटी कॅराव्हॅन ट्रेलर कायमचा उभा केलाय. आत डबल बेड, छोटं किचन, शॉवर-टॉयलेट. कमोड प्लास्टिकचा, पायाने पेडल दाबायचा. खाली मैल्याची ९० लिटरची टाकी आणि सांडपाण्याची ११० लिटरची वेगळी. मैल्याची टाकी केंद्राच्या सेप्टिक टँकला पाइपने जोडलीय. तिचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतो, म्हणजे ती भरायचा प्रश्न येत नाही. गीझर १० लिटरचा, वीजेवरचा. पिण्या-वापराची टाकी १२० लिटरची, तिच्यात बोअरचं पाणी. गॅसचा ५ किलोचा सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात. इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी बेडखाली.

वास एक नाही. बाथरूमचा एक्झॉस्ट लावला की गटारीसारखा येतो, सकाळी जास्त. गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा येतो. आणि पावसाळा सुरू झाल्यापासून बेडच्या पुढच्या कोपऱ्यात कुबट वास धरलाय. टाक्या धुऊन झाल्या, फिनेल ओतून झालं, डांबरगोळ्या ठेवून झाल्या. पाहुणा दार उघडतो आणि नाकाला रुमाल लावतो. सुरुवात कुठून करू?

नळजोड_मिरज

फिनेल आणि गोळ्या आधी बाहेर काढा आणि दोन दिवस ट्रेलर उघडा ठेवा. त्यांच्या वासाखाली मूळ वास ओळखू येत नाही. फिनेलने टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात, तेच पाणी पुढं सेप्टिकमध्ये जाऊन तिथलेही मरतात, आणि महिन्याभरात वास दुप्पट होतो. मैला गोबर गॅसला जोडलेला असेल तर गॅसच पडायचा बंद होतो. तुमच्याकडे तसं असेल तर हे खास लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. टाकीत मैला आहे म्हणजे तिच्यात वास असणारच. प्रश्न तो खोलीत कुठल्या वाटेने येतो हा आहे. पावसामुळे खिडक्या बंद, आणि एक्झॉस्ट चालू. पंखा हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. खिडकीतून मिळाली नाही तर ती सुकलेल्या ट्रॅपमधून (पाणी साठून वायू अडवणारं पाइपचं वळण), कमोडच्या रबरातून, फरशीतल्या पाइपच्या भोकातून ओढली जाते. म्हणजे टाकीतली हवा खोलीत. तुमचा सकाळचा वास हाच आहे असं मला ठामपणे वाटतं. पडताळायला सोपं आहे : समोरची खिडकी चार बोटं उघडा, पंखा लावा. वास अर्ध्याहून कमी झाला की शंका मिटली.

मग वाट शोधायची. सिलिंडर बंद करून, कप्प्यातून काढून लांब ठेवा, दारं-खिडक्या उघडून खोलीत दहा मिनिटं हवा खेळू द्या. गॅस गळत नाही याची खात्री झाल्याशिवाय पेटती काडी आत न्यायची नाही. नंतर दारं-खिडक्या लावा, एक्झॉस्ट चालू करा आणि पेटती उदबत्ती एकेका जागी धरा : शॉवरची जाळी, बेसिनचं भोक आणि त्याचं ओव्हरफ्लोचं भोक, सिंक, कमोडचा पाया, सिंकखालच्या कपाटात जिथं पाइप फरशीतून जातो ती जागा. धूर सरळ वर गेला तर ठीक. धूर खोलीकडे ढकलला गेला तर तिथून हवा आत येतेय. सिंकखाली कपाटाचं दार जवळजवळ लावून फटीतून बघा, तिथला झोत बारीक असतो.

ट्रॅपमध्ये साधारण चार-पाच सेंटिमीटर पाण्याची सील असते. ट्रेलरच्या शॉवरचा ट्रॅप फरशीखाली जागा नसल्याने उथळ असतो, त्यामुळे तो सगळ्यात आधी सुकतो. पाहुणे नसतील त्या आठवड्यात प्रत्येक भोकात अर्धा लिटर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल. तेलाच्या तवंगामुळे पाणी उडून जायला वेळ लागतो. ट्रेलर ओढून कुठं नेलात तर पसरणी घाटासारख्या वळणांत सीलचं पाणी हिंदकळून जातं, पोहोचल्यावर पुन्हा भरा.

कमोडचं रबर तपासायला भांड्यात लिटरभर पाणी सोडा, पातळीला पेन्सिलची खूण करा, सकाळी बघा. पाणी उतरलं असेल तर पेडलच्या पात्याचं रबर गेलंय किंवा त्याच्या खाचेत कागद, क्षार अडकलेत. क्षार जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा, रबरावर सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. तरीही उतरत असेल तर रबर बदला. पाया ओला दिसत असेल तर फ्लॅंजचं, म्हणजे कमोड आणि टाकीच्या जोडाचं, रबर बदलायचं. बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा, जोर लावलात तर प्लास्टिकचा पाया तडकतो.

आणि तो व्हॉल्व्ह आजच बंद करा. उघडा राहिला की पाणी लगेच निघून जातं आणि घट्ट मैला कमोडखाली ढीग करून बसतो. सुकला की निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे सेप्टिक टँकचा वायू उलटा तुमच्या टाकीत चढतो. टाकी दोनतृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा, पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं वाहून जातं. रिकामी केल्यावर आठ-दहा लिटर पाणी कमोडातून सोडून ठेवायचं, कोरडी टाकी कधीच ठेवायची नाही. आता जमलेला ढीग भिजवायला टाकी तीनचतुर्थांश पाण्याने भरून दोन-तीन दिवस तशीच ठेवा, मग सोडा. लागलं तर पुन्हा.

एक सांगा, सिंकखाली पाइपवर पांढरी टोपी आहे का?

तारकाम

सडक्या अंड्यांच्या वासाबद्दल लिहितो. ट्रेलरमध्ये तो तीन ठिकाणांहून येऊ शकतो आणि त्यातल्या दोन धोकादायक आहेत.

पहिला, गॅस. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, त्यात इथाइल मरकॅप्टन घालतात. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून नाक फरशीजवळ नेऊन बघा. सिलिंडर संपत आला की हा वास जास्त जाणवतो, कारण मरकॅप्टन खाली उरलेल्या द्रवात साठत जातं. पण ते कारण समजून दुर्लक्ष करू नका. रेग्युलेटर, नळीचे दोन्ही सांधे, शेगडीची चावी यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. सुरक्षा नळीवर छापलेली तारीख वाचा, पाच वर्षं झाली की बदलायची. गळती सापडली तर स्विच चालू-बंद काही करू नका, सिलिंडर बाहेर न्या, १९०६ ला फोन करा.

दुसरा, बॅटरी. ट्युब्युलर बॅटरी बेडखाली हे ऐकूनच काळजी वाटली. एखादा सेल शॉर्ट झाला की चार्जर थांबत नाही, बाकीचे सेल जास्त चार्ज होऊन तापतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो वायू विषारी आहे. जास्त झाला की नाक मरतं आणि वास येईनासा होतो, म्हणून 'आता वास गेला' यावर विसंबू नका. मल्टिमीटर लावा. पूर्ण चार्ज झाल्यावर फ्लोटला, म्हणजे चार्जर भरलेली बॅटरी नुसती राखत असताना, १३.५ ते १३.८ व्होल्ट असायला हवेत. १५ च्या वर टिकून असेल, किंवा बॅटरीला हात लावून चटका बसत असेल, बाजू फुगल्या असतील, तर खिडक्या-दार उघडा, चार्जरची मेन बाहेरून बंद करा आणि ती थंड होईपर्यंत टर्मिनल काढू नका, ठिणगी पडेल. बॅटरी चांगली निघाली तरी ती माणसाच्या झोपायच्या जागेखाली नको. बाहेरच्या बाजूने उघडणाऱ्या, वर-खाली जाळी असलेल्या पेटीत हलवा. गॅसच्या कप्प्यात मात्र नाही.

तिसरा गीझर, त्याला मिरजकर उत्तर देतीलच. त्याशिवाय मासळीसारखा किंवा लघवीसारखा वास कधी आला तर तो टाकीचा समजू नका. सैल स्क्रूमुळे सॉकेट-स्विचचं प्लास्टिक तापलं की असाच वास येतो. गीझरचा १६ अँपियरचा टॉप (प्लग) पहिल्यांदा बघा.

धोमकाठ

खूप उपयोग झाला. खिडकी उघडली तर वास बराच कमी होतो. उदबत्तीने कमोड ठीक, शॉवरची जाळी पाणी ओतल्यावर ठीक, पण सिंकखाली धूर जोरात बाहेर येतो. पांढरी टोपी होती, ती गळते म्हणून प्लंबरने काढून एंड कॅप लावलीय. तेव्हापासून सिंकमधलं पाणी सोडलं की शेवटी गडगड आवाज येतो. बॅटरी फ्लोटला १३.७ दाखवते, थंड आहे, तरी हलवतोय. वास फक्त गरम पाण्याला, गार पाण्याला नाही.

नळजोड_मिरज

गडगड आवाजातच उत्तर आहे. ती टोपी म्हणजे एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह. पाणी खाली जाताना पाइपात हवा कमी पडते, तेव्हा ती आत हवा घेते, आणि पाणी थांबलं की रबरी पडदा पडून वायू अडवते. एंड कॅप लावल्यावर हवा मिळेना, म्हणून उतरणारं पाणी स्वतःबरोबर ट्रॅपमधलंही ओढून नेतं. ट्रॅप रोज भरतो आणि रोज रिकामा होतो. आपल्याकडच्या घरांत ही वस्तू कमी वापरतात, म्हणून नेहमीच्या प्लंबरला ती बिनकामाची वाटते.

दीड इंची व्हॉल्व्ह ऑनलाइन मिळतो. आटे तेच आहेत ना बघून घ्या. टेफ्लॉन टेप लावून हाताने आवळा, उभा सरळ बसवा, तिरपा बसला तर पडदा नीट पडत नाही. ट्रॅपच्या पातळीपेक्षा किमान दहा सेंटिमीटर उंच. ऑर्डर येईपर्यंत सिंक वापरल्यावर ग्लासभर पाणी हळू ओता. सिंकचा पाइप फरशीतून जातो ती फटही सीलंटने बुजवा.

छपरावरचा व्हेंट, म्हणजे मैल्याच्या टाकीतला वायू वर सोडणारा पाइप, राहिलाच. उभ्या ट्रेलरच्या व्हेंटमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते. त्याची टोपी (काऊल) काढून टॉर्च मारा, वरून पाणी सोडा, टाकीत पडल्याचा आवाज यायला हवा. काही वेळा व्हेंटचा पाइप सुटून खाली घसरतो आणि टोक मैल्यात बुडतं. मग टाकी भरत आली की पेडल दाबल्यावर तोंडावर वायूचा भपकारा येतो. पाइपाचं टोक टाकीच्या छतापासून जेमतेम दोन सेंटिमीटर आत राहील इतका वर ओढून पक्का करा.

गीझर : बोअरच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू मॅग्नेशियमच्या अ‍ॅनोड रॉडजवळ (टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) वाढतात आणि तोच सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. आठ-दहा दिवस गीझर बंद पडून राहिला की जोर धरतात. मेन बंद, पाणी गार, मग निचरा करून रॉड काढा. खाल्लेला असेल तर अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा घ्या. रॉड काढून जागा नुसती बुजवू नका, टाकी गंजेल. बरोबरीने सगळी लाइन धुवा. पाण्याचा फिल्टर असेल तर त्याची कांडी आधी काढा. १२० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १२० मिली, म्हणजे लिटरमागे एक मिली. प्रत्येक नळाला, गरम नळालाही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, गीझरचं बटण बंद ठेवून चार तास राहू द्या, मग निचरा करून वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. हे पाणी मैल्याच्या टाकीत नको. आणि बाथरूमच्या अ‍ॅसिडशी हायपोक्लोराइटची गाठ पडू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

लाकूडकाम_कराड

कुबट कोपऱ्याकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो, कारण पुढं सगळ्यात महाग तोच पडतो. गादी उचलून खालचा प्लायवूड अंगठ्याने दाबा. दबला तर आत सडायला लागलाय. लाकडाचा ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर २० टक्क्यांच्या वर धोका समजा.

पाणी जिथं दिसतं तिथून आत आलेलं नसतं. पुढच्या भिंतीत वरचे छोटे मार्कर लाइट आणि खिडकीची चौकट, या दोन जागा आधी. कोरड्या दिवशी एकाला आत बसवा आणि बाहेरून पाइपने मंद पाणी मारा, खालून सुरू करून वर सरका, एकेका उंचीवर दहा मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. सापडलेली जागा उघडून जुनं सीलंट पूर्ण खरवडा, ब्युटाइल टेपवर (चिकट रबरी पट्टी) बसवा. सिलिकॉन वरून फासू नका, पुढच्या वेळी त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

पाणी कुठूनच येत नसेल तर माणसांच्या श्वासाची वाफ गार भिंतीवर आणि गादीखाली जमते. गादीखाली पट्ट्या किंवा काथ्याची चटई टाकून दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्या, भिंतीपासून बोटभर सरकवा. पाचगणीकडून धुकं उतरलेलं असताना खिडक्या उघडून ते सुकत नाही, बाहेरचीच हवा ओली असते. त्या दिवसांत एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर.

अजून एक. कुबट वासात उग्र, कस्तुरीसारखी झाक असेल तर चिचुंद्री आहे, ओलावा नाही. आपल्याकडे ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर आसपासच्या अडोशाला येतात, ट्रेलरच्या तळाची भोकं त्यांना सापडतात. विष ठेवू नका, भिंतीच्या आत मेलं तर दोन-तीन आठवडे कुजतं आणि काढायला भिंत फोडावी लागते. पिंजरा लावा. केबल-पाइपच्या भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून एम-सील. नुसता फोम ते कुरतडतात.

धोमकाठ

प्लायवूड एका वितीएवढा मऊ लागतोय, मार्कर लाइटच्या बरोबर खाली. पाऊस उघडला की पाइप मारून बघतो. व्हॉल्व्ह आणि रॉड मागवलेत, मैल्याचा व्हॉल्व्ह बंद करून टाकी भिजत घातलीय. मऊ भाग कापून नवा तुकडा घालायचा तर किती बाहेरपर्यंत कापावा?

लाकूडकाम_कराड

घट्ट लाकूड लागेल तिथून चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर पुढं. पण आधी गळती बंद करा, मग उघडं ठेवून ओलावा १५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या, हिटर लावला तर आठवड्याभरात येतो. नवा तुकडा मरीन प्लायचा, कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात. आतलं थर्माकोल ओलं असेल तर तेही काढा, ते भिंतीत राहिलं तर वास तिथंच राहील.