उलटतपासणीचे पाच दिवस : पिस्टोरियस खटला तुम्ही कसा ऐकलात?

उंबरठा

एप्रिल २०१४. बुधवार ९ पासून मंगळवार १५ पर्यंत, मधला शनिवार-रविवार सोडून पाच दिवस, दक्षिण आफ्रिकेचा, कृत्रिम पायांवर धावणारा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस तिथल्या प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात सरकारी वकील गेरी नेल यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. तिकडे साडेनऊला कोर्ट बसायचं तेव्हा आपल्याकडे दुपारचा एक वाजलेला असायचा. मी बाळंतपणाच्या रजेवर होते. लेक मांडीवर झोपलेली, एका कानात इयरफोन, दुसरा कान तिच्या श्वासाकडे.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : १४ फेब्रुवारी २०१३च्या पहाटे त्याने स्वच्छतागृहाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प होती, ती गेली. ती पलंगावरच आहे आणि आत कुणी चोर शिरलाय असं आपल्याला वाटलं, हे त्याचं म्हणणं. भांडण झालं, ती आत पळाली आणि त्याने तिला मारलं, हे सरकार पक्षाचं. तिथे १९६९ पासून ज्युरी नाही. न्यायाधीश थोकोझिले मसिपा आणि त्यांच्यासोबत दोन सहायक, एवढ्यांनीच निवाडा करायचा होता.

कामकाजाचं थेट प्रक्षेपण होतं, पण साक्ष देताना त्याचा चेहरा दाखवायचा नाही असं ठरलं होतं. नुसता आवाज. प्रश्न नेल विचारत, उत्तर न्यायाधीशांना, दर वाक्याला ‘माय लेडी’. मध्येच आवाज फुटायचा, रडणं ऐकू यायचं, कामकाज थांबायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्याची चूक सापडली की मला बरं वाटतंय. पंखे एक की दोन, पांघरूण पलंगावर की जमिनीवर, जीन्स कुठे पडली होती... अडकला रे अडकला की मी सावरून बसायचे. एका मेलेल्या मुलीच्या खटल्यात मी हे काय करत होते, हा प्रश्न आजही माझ्याजवळ आहे.

म्हणून हा धागा. निकाल बरोबर की चूक यावर वाद नको. तुम्ही ते दिवस कसे ऐकलेत, काय रुतून बसलं, ते लिहा. स्वतः कोर्टात बसलेला कुणी असेल तर जरूर लिहा.

आडवाट

मी शाळेत खेळ शिकवतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत तो शेवटचा आला आणि त्याच शर्यतीतल्या किरानी जेम्सने जवळ येऊन त्याच्याशी छातीवरच्या नावाच्या पट्टीची अदलाबदल केली. ते दृश्य मी दर वर्षी नव्या मुलांना दाखवायचो. अकरा महिन्यांचा असताना दोन्ही पाय गुडघ्याखाली कापलेला मुलगा इथवर आला, बघा, असं सांगायचो. खेळाच्या साहित्याच्या खोलीत त्याचं पोस्टर होतं.

पोस्टर मी उतरवलं ते उलटतपासणीत, आणि खुनाच्या मुद्द्यावर नाही. त्याच्यावर आणखी एक आरोप होता : उपाहारगृहात मित्राचं पिस्तूल टेबलाखाली हातात असताना गोळी सुटली. तो म्हणत राहिला, मी ट्रिगर ओढलाच नाही. नेल विचारत राहिले, पिस्तूल कुणाच्या हातात होतं? माझ्या. बोट? ट्रिगरवर नव्हतं. मग गोळी कशी सुटली? माहीत नाही.

माझ्या मैदानावर रोज एक तरी मूल म्हणतं, सर, मी पाय लावलाच नाही, तोच पडला. मला राग पाडल्याचा येत नाही. ‘लावला’ म्हणणाऱ्या मुलाला मी दुसऱ्या मिनिटाला परत खेळायला सोडतो. त्या दिवशी त्याने ‘हो, चुकून ओढला गेला’ एवढं म्हटलं असतं, तर पुढची सगळी उत्तरं मी वेगळ्या कानांनी ऐकली असती. त्या आरोपात तो दोषी ठरला.

कच्चीनोंद

सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो, बहुतेक बचावाची बाजू. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण वर उंबरठाताईंनी जे विचारलंय त्याचा संबंध आमच्या रोजच्या कामाशी आहे.

आपल्याकडे खुनाच्या खटल्यात आरोपीची उलटतपासणी जवळजवळ ऐकायलाच मिळत नाही. सरकारचे साक्षीदार संपले की न्यायाधीश आरोपीला पुराव्यातला एकेक मुद्दा सांगून विचारतात, यावर तुझं काय म्हणणं आहे? हा पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला ३१३चा जबाब, आता नव्या संहितेत कलम ३५१. त्याला शपथ नसते, त्यावर सरकारी वकिलाला प्रश्न विचारता येत नाहीत. बहुतेक जबाबांत दोनच उत्तरं असतात : ‘खोटे आहे’ आणि ‘माहीत नाही’. आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष द्यायची असेल तर तसा लेखी अर्ज करावा लागतो, आणि एकदा पिंजऱ्यात उभा राहिला की उलटतपासणी आलीच. त्याने साक्ष दिली नाही म्हणून त्याच्याविरुद्ध बोट दाखवता येत नाही. वीस वर्षांत मी माझ्या एकाही अशिलाला पिंजऱ्यात उभं केलेलं नाही. कितीतरी निर्दोष माणसं घाबरून असं बोलतात की ऐकणाऱ्याला ती गुन्हेगार वाटतात.

त्यामुळे नेल यांचं काम मी शिकण्यासाठी ऐकत होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, तू काय केलंस? तो म्हणाला, चूक. नेल म्हणाले, तू रीवाला गोळ्या घालून मारलंस, ते म्हण. आणि ते वदवून घेतलं. मग तो कलिंगडावर गोळी झाडतानाची चित्रफीत आली, आणि मागोमाग तिच्या डोक्याच्या जखमेचं छायाचित्र. बघ, जबाबदारी घे. तो म्हणाला, मी तिथे होतो, मला छायाचित्र बघायची गरज नाही. माझ्या टेबलाशी तेव्हा दोन ज्युनियर उभे होते. कुणी काही बोललं नाही.

हे कौशल्य आहे, पण मला ते पूर्ण मान्य नाही. साक्षीदार पिंजऱ्यात असताना त्याला तोंडावर ‘खोटं बोलतोयस’ म्हणत गेल्याबद्दल मसिपाबाईंनी नेल यांना भाषा सांभाळायला सांगितलं. प्रेक्षकांत हसू फुटलं तेव्हा ही करमणूक नाही, अशी समज दिली. आणि एकदा त्यांनी आरोपीला विचारलं, तू थकलायस का? थकव्यामुळे चुका होत असतील तर सांग. इतक्या गाजत असलेल्या खटल्यात न्यायाधीशाने हे थांबून विचारणं मला फार मोलाचं वाटलं. आमच्याकडे संध्याकाळी पाचला, साक्षीदार ताटकळून अर्धमेला झालेला असताना, ‘आजच संपवा’ म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबरच्या निकालात मसिपाबाईंनी त्याला अत्यंत कमकुवत साक्षीदार म्हटलं, तो उत्तरं टाळत होता असंही नोंदवलं. पण पुढे म्हटलं, साक्षीदार खोटं बोलला एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही. हे वाक्य मी आजही युक्तिवादात माझ्या शब्दांत वापरतो. माणूस लाजेपोटी खोटं बोलतो, भीतीपोटी बोलतो, स्वतःला पटवलेली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना बोलतो. त्यांनी खून नव्हे तर सदोष मनुष्यवध धरला आणि पाच वर्षं शिक्षा दिली. ३ डिसेंबर २०१५ला वरच्या न्यायालयाने तो निष्कर्ष बदलून खुनाचा केला, आणि तोही त्याच्या खोटेपणावर उभा नव्हता. दाराआड कुणीही असो, एवढ्याशा जागेत चार गोळ्या झाडल्या तर माणूस मरू शकतो हे दिसत असूनही झाडल्या, हा त्यांचा आधार. पंखा, पांघरूण, जीन्स याची त्याला गरजच पडली नाही. पाच दिवस आपण सगळे ज्या गोष्टींवर कान लावून बसलो होतो, शेवटच्या हिशेबात त्या बाजूला राहिल्या.

आपल्याकडे मराठीत साक्ष उतरवली की उलटतपासणीच्या शेवटी एक ओळ हमखास असते : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ साक्षीदार नुसतं ‘नाही’ म्हणालेला असतो. लघुलेखक पूर्ण वाक्य टंकतो.

रानजाई

वकीलसाहेब, तुमचं पटलं, पण एका जागी मी अडते.

रीवाने जानेवारीत त्याला निरोप पाठवला होता, कधी कधी मला तुझी भीती वाटते. बचाव पक्षाचं म्हणणं, हजाराहून अधिक निरोपांतले बहुतेक सगळे प्रेमाचे आहेत. निकालातही म्हटलं की नाती बदलत असतात, अशा निरोपांवरून काही सिद्ध होत नाही. कायद्याने ते बरोबर असेल. मी सहा वर्षं एका अशा माणसाबरोबर राहिले ज्याने माझ्यावर एकदाही हात उचलला नाही. माझा फोन कुणी तपासला असता तर शंभरातले नव्वद निरोप ‘जेवलास का’, ‘लवकर ये’ असेच सापडले असते. भीतीचा एखादाच. तो लिहायला मला दोन रात्री लागल्या होत्या.

नेल यांनी त्याला त्या निरोपाबद्दल विचारलं तेव्हा मी भाजी चिरत होते. गॅस बंद केला आणि खाली बसले. मला निकाल नको होता. ते वाक्य कुणीतरी मोठ्याने वाचून त्याला विचारतंय, एवढंच पुष्कळ होतं.

खडावा

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही, २००६चा अपघात. रात्री पाय काढून ठेवलेला असतो आणि आवाज आला की काय होतं ते मला माहीत आहे. अंगावरचे कपडे काढून कुणी रस्त्यावर उभं केल्यासारखं वाटतं. म्हणून त्याच्या भीतीवर माझा विश्वास बसला, आजही आहे. गोळ्यांवर नाही बसला. भीती वाटली की मी दाराकडे जात नाही, भिंतीला टेकतो आणि घरातल्या माणसाला हाक मारतो. उत्तर आल्याशिवाय मला काही सुचतच नाही. नेल हेच विचारत होते, तिचं उत्तर ऐकल्याशिवाय तू पुढे कसा गेलास?

निळीजकरंदा

आम्ही तेव्हा जोहान्सबर्गला होतो, नवऱ्याची बदली. तिथे या खटल्यासाठी चोवीस तासांची स्वतंत्र वाहिनी निघाली होती, १९९ क्रमांकाची. बचावाचे वकील बॅरी रू साक्षीदाराला ‘मी तुमच्यासमोर असं मांडतो की’ म्हणायचे, ते शाळेतल्या मुलांच्या तोंडी बसलं. माझा मुलगा गृहपाठावरून तसा वाद घालायचा.

लांबून ऐकणाऱ्यांना एक सांगायचंय. आमच्या घराला विजेच्या तारांचं कुंपण होतं, खिडक्यांना गज, शयनगृहाआधी वेगळं लोखंडी दार. रात्री घरात माणूस शिरणं ही तिथे रोजची चिंता होती. त्यामुळे शेजारच्या गोऱ्या आजी म्हणायच्या, मीही झाडली असती. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी विचारायच्या, तो दाराआडचा चोर डोळ्यांपुढे येतो तेव्हा त्याचा रंग कोणता असतो? कोर्टात हा प्रश्न कुणी असा विचारला नाही. मावशी सोवेटोच्या, म्हणजे जोहान्सबर्गच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या, मसिपाही तिथल्याच. आधी समाजसेविका, मग गुन्हेवार्ताहर, मग वकील, आणि १९९८मध्ये न्यायाधीश. मावशी इस्त्री करताना दूरदर्शनचा आवाज मोठा करायला सांगत. न्यायाधीश बोलायला लागल्या की इस्त्री उभी ठेवत.

उंबरठा

निळीजकरंदा, मावशींचा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. लिहीत राहा सगळे.

पाणवठा

तीनदा लिहून पुसलं.

माझ्या थोरल्या भावाचा खून झाला. आमचा खटला चार वर्षं चालला. आरोपी ओळखीचा, आमच्याकडे जेवून गेलेला. चार वर्षांत तो आमच्यासमोर एक वाक्य बोलला नाही. वकीलसाहेबांनी लिहिलंय तसाच जबाब : खोटे आहे, माहीत नाही, खोटे आहे. तो त्याचा हक्क होता हे मला समजतं. पण आम्ही प्रत्येक तारखेला जायचो ते कुणीतरी त्याला ‘का’ विचारेल म्हणून.

त्यामुळे नेल बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, हा माणूस आमच्या वतीने विचारतोय. दुपारी दुकान भावजयीवर सोपवून मी आत जाऊन ऐकायचो. रीवाची आई, जून स्टीनकॅम्प, समोर बसलेली दाखवायचे. ती रडत नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहायचो, कारण आमची आईही कोर्टात तशीच बसायची. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

आईला इंग्रजी येत नाही. रात्री ताट वाढताना विचारायची, आज काय म्हणाला तो? मी सांगायचो. पंख्याचं सांगितलं, पांघरुणाचं सांगितलं. एका रात्री तिने विचारलं, पोरगी आत काही बोलली नाही का? हा एवढा ओरडत होता, पोलिसांना बोलव म्हणत होता, तर तिने ओ नाही दिली?

मी म्हटलं, आई, हेच विचारलं आज त्या वकिलाने.

मग काय म्हणाला?

म्हणाला, तीही घाबरली असेल, धोका आपल्याकडे येतोय असं वाटून गप्प राहिली असेल.

आई बराच वेळ भाकरी हातात धरून बसली. वरच्या न्यायालयानेही पुढे लिहिलं की त्याने गोळ्या नेमक्या का झाडल्या हे त्याच्या साक्षीवरून कळतच नाही. ते वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही. आईच्या चेहऱ्यावर ते आधीच दिसलं होतं. एवढं विचारून, पाच दिवस विचारून, हातात आलं ते एवढंच. आमच्याकडे त्याला पिंजऱ्यात उभं केलं असतं तरी त्याने भावाबद्दल असंच काहीतरी सांगितलं असतं, आणि ते आम्हाला जन्मभर वागवावं लागलं असतं.

जानेवारी २०२४मध्ये तो पॅरोलवर सुटला तेव्हा जूनबाईंचं निवेदन आलं, मागे राहिलेलेच जन्मठेप भोगतात, अशा अर्थाचं. मी ते आईला वाचून दाखवलं नाही.

त्या रात्रीनंतर आईने ‘आज काय म्हणाला’ विचारलं नाही. पाचव्या दिवशी एक वाजला, मी दुकानातच थांबलो.