मदत हवी आहे: कोरी डीव्हीडी मायनस आर (DVD-R) घेऊ की प्लस आर (DVD+R)? (गावचा जुना प्लेअर)

नमस्कार मंडळी, आत्याच्या लग्नाची व्हीएचएस आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या २ मिनीडीव्ही (जुन्या कॅमेऱ्याच्या छोट्या) टेपा इतकी वर्षं माळ्यावर पडून होत्या, त्या आत्ता एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणल्या. आता गावी काकूकडे (राजापूरच्या आत, रेंज म्हणाल तर आंब्याच्या झाडाखाली उभं राहिलं तर येते) २० वर्षांपूर्वीचा डीव्हीडी प्लेअर आहे, त्याला यूएसबी नाही, आणि तिला मोबाईलवर बघायचं नाहीये, डिस्क आत ढकलायची आणि प्ले दाबायचं एवढंच तिला येतं आणि तेवढंच हवंय. मी दुकानात मिळाल्या त्या प्लस आर आणल्या, तीनही फाइली एका डिस्कवर राइट केल्या, लॅपटॉपवर झकास चालतात, गावी प्लेअर म्हणतो अननोन डिस्क. अशा ३ डिस्क वाया गेल्या. दुकानदार म्हणतो मायनस घ्यायला हवी होती, मेव्हणा म्हणतो आरडब्ल्यू घे म्हणजे चुकलं तर पुसता येतं, ऑफिसमधला एक म्हणतो सरळ ब्लू-रे घे. डोकं फिरलंय. खरंच मायनस-प्लसने एवढा फरक पडतो का?

– माळ्यावरचा_खजिना

---

पडतो, पण कमी. मायनस आर पायोनियरने १९९७ ला आणली, प्लस आर २००२ ला दुसऱ्या कंपूने (फिलिप्स, सोनी वगैरे). भांडण कंपन्यांचं, भुर्दंड आपल्याला. जुने प्लेअर मायनस जास्त बिनबोभाट घेतात. प्लसमध्ये एक सोय आहे, बऱ्याच रायटरवर बुकटाइप (डिस्कवरची प्रकाराची खूण) बदलून डिस्कवर 'मी डीव्हीडी-रॉम, म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क आहे' असं लिहिता येतं, मग म्हातारा प्लेअर फसतो. मायनसला ते जमत नाही. मेव्हण्याचं ऐकू नका, आरडब्ल्यूवरून प्रकाश फार कमी परततो, जुनी लेन्स तिथे हमखास चाचपडते. आणि ब्लू-रे त्या प्लेअरमध्ये घातली तर काकू तुम्हालाच ओव्या म्हणायला बसवतील.

– सोल्डर_आणि_चहा

---

थांबा थांबा, मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. पेनड्राइव्हवर फाइली कसल्या आहेत, एमपी४ ना? आणि तुम्ही त्या नुसत्या कॉपी करून राइट केल्यात? मग मायनस असो, प्लस असो, सोन्याची असो, २० वर्षांपूर्वीचा प्लेअर ती वाजवणार नाही, त्याला एमपी४ म्हणजे काय तेच माहीत नाही. त्याला एमपेग-२ (डीव्हीडीचा जुना व्हिडिओ प्रकार) लागतं, डिस्कमध्ये व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइली. डीव्हीडीस्टायलर फुकट आहे, त्यात पॅल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडा, चित्राचा आकार ४:३ ठेवा, तो बदलून देतो. डिस्क फायनलाइज (लिहून झाल्यावर बंद) झालीये ना तेही बघा. त्या ३ डिस्कनी मायनस-प्लसबद्दल काहीच सिद्ध झालेलं नाही, दुकानदाराला उगाच खरं ठरवू नका.

– टेपरेकॉर्डर_वहिनी

---

वहिनी साष्टांग!! एमपी४ च आहेत, आणि मी तशाच ढकलल्या होत्या. अजून एक, जपून ठेवायचं तेही डिस्कवरच ठेवू का?

– माळ्यावरचा_खजिना

---

काकूची डिस्क वेगळी, जपायचं वेगळं, दोन्ही एकात कोंबू नका. डीव्हीडीत ४.७ जीबी (कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो, ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी), आणि मिनीडीव्ही मुळातून उतरवली तर तासाला १३ जीबीच्या आसपास जाते. म्हणजे डीव्हीडीवरचं ते आटवलेलंच. दुकानातून मूळ डीव्ही फाइल मागा, ती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी. ब्लू-रे रायटर असेल तर २५ जीबीच्या डिस्कवर आणखी एक, पण त्यात एलटीएच लिहिलेल्या टाळा, त्यात साध्या डीव्हीडीसारखाच सेंद्रिय रंग असतो, तो काळाने खराब होतो. आणि डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, कडा उचलली की डिस्क आत डुगडुगते.

– सोल्डर_आणि_चहा

---

अपडेट: मायनस आरच आणली, वहिनींनी सांगितलं तसं केलं, काल गावी नेली. चालली!! काकू ओव्या ऐकताना आजीच्या पुढे पुढे म्हणत होती, आजी अडखळली तिथे हिने ओळ पुरी केली. फक्त शेवटची ७-८ मिनिटं चित्र चौकोन चौकोन होऊन अडकतं, लग्नात नेमकी पाठवणी. एकूण १ तास ५५ मिनिटं आहे, १६ च्या स्पीडने राइट केली होती.

– माळ्यावरचा_खजिना

---

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे शेवट कडेला येतो आणि तिथेच चुका जास्त. लग्न आणि ओव्या दोन डिस्कवर करा, काठोकाठ भरू नका, स्पीड ८ किंवा ४ ठेवा, राइट झाल्यावर व्हेरिफाय (लिहिलेलं नीट वाचता येतंय का ती तपासणी) चालू द्या. तरी अडकली तर प्लेअरची लेन्स पुसून घ्या, चुलीशेजारी ठेवलाय का तो?

– टेपरेकॉर्डर_वहिनी

---

चुलीशेजारी नाही हो, देवघराशेजारी. पण उदबत्ती रोज असते.

– माळ्यावरचा_खजिना