थंडीत गाडीचा धूर: तुम्ही काय करता?

थंडी पडली की सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवायची, ही सवय मला वडिलांकडून आली. परवा गाडी तशीच घुरघुरत ठेवून मागची काच पुसत होतो, तर पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरले. मग जरा खोदून वाचलं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जास्तीचं सोडलं जातं. आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५०-३०० अंश तापल्याशिवाय धड कामाला लागत नाही. उभ्या गाडीत तो तापायला उलट जास्त वेळ लागतो! आता काचा साफ करून मगच गाडी सुरू करतो, अर्ध्या मिनिटात निघतो आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस देत नाही.

तुमचं काय? फसलेले प्रयोगही लिहा, खरं तर तेच आधी.

---

मग माझा घ्या. जुनी कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल. चोक (गार इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळावं म्हणून ओढायचा खटका) ओढून सुरू केली आणि तशीच ऑफिसपर्यंत नेली. वाटेत जड वाटत होती, म्हटलं थंडीमुळे असेल. संध्याकाळी किक मारून मारून पाय दुखला. प्लग काढला तर बोट काजळाच्या डबीत घातल्यासारखं. एवढी काजळी प्लगवर, तर सायलेन्सरमधून किती गेली असेल? आता चोक बंद होईपर्यंत डावा हातमोजा घालत नाही. बोटं गारठली की आपोआप आठवतं.

---

हिवाळ्यात अॅव्हरेज पडतंच, असं म्हणत मी दोन हिवाळे काढले. इंजिनच्या तापमानाचा काटा कधी मध्यावर यायचा नाही, हीटर कोमट. मेकॅनिकने आधी सेन्सर बदलला, मग प्लग. शेवटी निघालं काय, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गार करणाऱ्या पाण्याची वाट उघडझाप करणारी झडप, उघडाच अडकलेला. इंजिन तापतच नव्हतं, त्यामुळे त्याला इंधनाचा खुराक चालूच. काटा बघत जा हो!

---

टायर. तापमान १० अंश उतरलं की हवा जवळपास २ पीएसआय कमी होते. गाडी न चालवता, सकाळीच मोजा.

---

आमची डिझेल. रोज मुलांना शाळेत सोडायचं, दोन किलोमीटर, की घरी. धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला. त्यात साठलेली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास तापावं लागतं, आणि आमची गाडी तापायच्या आत बंद. आता मुलं चालत जातात (कुरकुरत), बाकीची कामं एकाच फेरीत.

---

कडाक्याची थंडी असेल तर ब्लॉक हीटर, म्हणजे बंद गाडीचं इंजिन विजेवर तापवणारा हीटर. मी आधी रात्रभर लावून ठेवायचे, नुसती वीज जाळत. टायमर लावून निघण्याआधी दोन-तीन तास पुरतात.

---

थर्मोस्टॅटवाले, तुमचं वाचून आत्ताच काटा बघून आलो. मध्यावर आहे. वडील मात्र अजून गॅलरीतून ओरडतात, "अरे, तापू दे की जरा!"