विषय : शहरात फिरवण्यासाठी छोटी सेकंड-हँड ऑटोमॅटिक गाडी

प्रेषक : स्लाऊ येथील एक सभासद

सप्रेम नमस्कार,

आम्ही पुण्याहून इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या स्लाऊला राहायला आलो, त्याला आता वर्ष होऊन गेले. माझे पती रेल्वेने लंडनला जातात, त्यामुळे गाडी लागणार आहे ती मुख्यतः मला : मुलांची शाळा, बाजारहाट, दर आठवड्याला हेजला नणंदेकडे जाणे आणि अधूनमधून पाहुण्यांना आणायला हीथ्रो विमानतळ. येथील ड्रायव्हिंगची परीक्षा मी ऑटोमॅटिक गाडीवर उत्तीर्ण झाले आहे, म्हणून क्लचची गाडी मला चालवता येणार नाही. सात-आठ हजार पौंडांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एका परिचितांनी चांगले ॲव्हरेज देते म्हणून डिझेल गाडी सुचवली. दुसऱ्यांनी सांगितले की कमी चाललेली कोणतीही जपानी गाडी डोळे मिटून घ्यावी. अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपली नम्र,
स्लाऊ

—

प्रेषक : हाउन्स्लो येथील एक जुने सभासद

ताई, स. न. वि. वि.

डिझेलचा विचार सोडून द्यावा. हेज आणि हीथ्रो ही दोन्ही ठिकाणे लंडनच्या हद्दीत येतात आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरील दैनिक आकार) लंडनच्या सर्व बरोंना, म्हणजे प्रभागांना, लागू आहे. पेट्रोल गाडी यूरो ४ या प्रदूषण-मानकाची असली की पुरते, म्हणजे साधारणपणे २००६ नंतरची. डिझेलला मात्र यूरो ६ लागते, म्हणजे बहुधा सप्टेंबर २०१५ नंतरची, नाहीतर जाल त्या प्रत्येक दिवसाचे १२.५० पौंड मोजावे लागतात. नियमात बसणारे डिझेल मिळाले, तरी शाळा, दुकान आणि घर अशा दोन-दोन मैलांच्या फेऱ्यांत त्याच्या धुराड्यातला फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळीने तुंबतो, आणि वाचवलेले इंधन गॅरेजच्या एकाच बिलात वसूल होते.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न कंपनीचा नाही, गिअरबॉक्सचा आहे. जाहिरातीत सरसकट ‘ऑटोमॅटिक’ असे लिहिलेले असते, पण त्या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात. पुण्यात आपण एएमटी (आपोआप गिअर बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) असलेली सेलेरिओ चालवली असेल, तर गिअर बदलताना मान पुढे झुकवणारा तो धक्का आठवत असेल. तोच प्रकार येथे टोयोटा आयगोमध्ये, २००८ ते २०११च्या होंडा जॅझमध्ये (तेथे त्याचे नाव आय-शिफ्ट) आणि २०२० नंतरच्या ह्युंदाई आय१०मध्ये आढळतो. मुळात तो साधा क्लचच असतो, फक्त तो पाय दाबत नाही, मोटर दाबते. शाळेच्या दारातील रांगेत किंवा चढावर गाडी इंच-इंच पुढे घेताना तो झिजतो. दुसरा प्रकार कोरड्या दुहेरी क्लचचा, म्हणजे आलटूनपालटून काम करणाऱ्या, तेलात नसलेल्या दोन क्लचचा. फोर्डचा पॉवरशिफ्ट अमेरिकेत न्यायालयापर्यंत पोहोचला होता. फोक्सवॅगनचा सात गिअरचा डीएसजी चालवायला सुरेख आहे, पण जुन्या पोलोत त्याचे मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारी नियंत्रण यंत्रणा) गेले, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. या दोन्ही प्रकारांपासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरतात दोन. २०१९पर्यंतच्या आय१०मध्ये जुन्या पद्धतीचा चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून शक्ती पोहोचवणारा गिअरबॉक्स) आहे. तो आळशी आहे, पेट्रोल थोडे जास्त पितो, पण कुरकुर न करता वर्षानुवर्षे चालतो. २०११नंतरच्या जॅझमध्ये आणि पेट्रोल यारिसमध्ये सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स आहे. यारिस हायब्रिडचा ई-सीव्हीटी नावाने सीव्हीटीचा भाऊ असला, तरी आतून तो पट्टा नसलेला दंतचक्रांचा संच आहे, आणि शहरातील थांब-चल वाहतुकीत त्याच्याइतके निर्धोक यंत्र या किमतीत मला तरी माहीत नाही.

इंजिनाबाबत एकच सावधगिरी सांगतो. फोर्डचे १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचे १.२ प्यूअरटेक या इंजिनांमध्ये टायमिंगचा रबरी पट्टा तेलात बुडालेला असतो. तो कालांतराने सोलवटतो आणि त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात. वर सांगितलेल्या जॅझ, यारिस आणि १.२ आय१० या तिन्हींमध्ये साखळी आहे.

आता ‘कमी चाललेली गाडी डोळे मिटून’ या सल्ल्याविषयी, कारण आपले लोक येथेच फसतात. गाडी दहा वर्षांत वीसच हजार मैल धावली असेल, तर ती बहुधा थंड इंजिनाने छोट्या फेऱ्या मारत आणि उरलेला वेळ पावसात उभी राहून जुनी झालेली असते. सायलेन्सरमधले पाणी कधी वाळत नाही, तेल ‘अजून कुठे धावली आहे’ म्हणून बदलले जात नाही आणि ब्रेकच्या चकत्यांना गंजाची कड येते. म्हणून आकड्यावर न भाळता इतिहास वाचावा, आणि तो या देशात फुकट मिळतो. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की तिच्या सर्व एमओटी, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या, तपासण्या दिसतात : कधी पास झाली, कधी नापास झाली, त्या दिवशी मीटरवर काय होते आणि परीक्षकाने कोणत्या ॲडव्हायजरी (पुढे लक्ष द्यावे अशा सूचना) लिहून ठेवल्या. एकच ॲडव्हायजरी लागोपाठ तीन वर्षे तशीच राहिली असेल, तर मालकाचा स्वभाव कळतो. हे मुलीचे स्थळ पाहण्यासारखेच आहे : पत्रिकेपेक्षा शेजाऱ्यांची साक्ष मोलाची.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन आधी गरम करून ठेवू नका, असे फोनवरच सांगावे, आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहावा. टायरच्या बाजूला लंबवर्तुळात चार अंक असतात. ३११४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला, मग नक्षी कितीही खोल दिसो. चाचणीच्या फेरीत चढावर गाडी थांबवून ॲक्सिलरेटरला स्पर्श न करता ब्रेक सोडावा आणि नंतर सावकाश निघावे. जॅझ त्या वेळी थरथरली, तर सीव्हीटीचे तेल बदललेले नाही. बदलल्यावर ती पुष्कळदा सुधारते, पण ते बिल विक्रेत्याने द्यावे.

आणि हो, गाडी पसंत करण्यापूर्वी विम्याचे दर काढावेत. या काळातल्या गाड्यांचे १ ते ५० असे विमागट आहेत. छोटी गाडी म्हणजे खालचा गट, हे खरे, पण आपले लायसन्स नवे असल्याने आकडा पाहून दचकू नये. हप्ता कमी व्हावा म्हणून पतींना मुख्य चालक दाखवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. रोज तुम्हीच चालवणार असताना तसे लिहिणे ही फसवणूक ठरते आणि दावा फेटाळला जातो.

आपला,
हाउन्स्लो

—

प्रेषक : रेडिंग येथील एक सभासद

नमस्कार,

वरील पत्रातील बहुतेक सर्व मुद्दे मला मान्य आहेत, मात्र गाडी कोठून घ्यावी हे त्यात राहिले आहे. खासगी विक्रेत्याकडे दोन-चारशे पौंड वाचतात, पण मागाहून दोष निघाला तर दाद मागणे कठीण जाते. व्यापाऱ्याकडून घेतल्यास २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार विक्रीच्या वेळीच सदोष असलेली गाडी तीस दिवसांच्या आत परत करता येते, आणि सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो मुळात नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यापाऱ्यावर असते. पहिलीच गाडी असेल तर या संरक्षणासाठी थोडे जास्त मोजावेत.

खासगी व्यवहार करायचाच असेल, तर लॉगबुकावरील (गाडीच्या नोंदणीपत्रावरील) पत्त्यावर जाऊनच गाडी पाहावी. लॉगबुकावर नाव असलेली व्यक्ती ही कायदेशीर मालक असेलच असे नाही, म्हणून कर्जाचे हप्ते बाकी आहेत का, आणि अपघातानंतर विमा कंपनीने गाडी बाद ठरवून एस किंवा एन वर्गात टाकली होती का, याची पैसे भरून तपासणी करून घ्यावी. रोड टॅक्स ऑक्टोबर २०१४ पासून गाडीबरोबर हस्तांतरित होत नाही. लॉगबुकाच्या हिरव्या चिठ्ठीवरील क्रमांक वापरून तो तेथेच मोबाइलवर भरावा आणि विमा सुरू करून मगच चावी फिरवावी.

रेडिंग

—

प्रेषक : स्लाऊ येथील एक सभासद

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे शोध घेतला असता दोन गाड्या हाती लागल्या आहेत, दोन्ही व्यापाऱ्यांकडे. पहिली २०१४ची जॅझ सीव्हीटी, केवळ २४ हजार मैल, एकच वृद्ध मालक, पण सर्व्हिसच्या वहीत चार वर्षे कोरी आहेत आणि गेल्या दोन्ही एमओटींत मागच्या ब्रेकचा गंज आणि टायरला पडलेल्या भेगा नोंदलेल्या आहेत. दुसरी २०१५ची यारिस हायब्रिड, ७८ हजार मैल, दरवर्षी टोयोटाच्या अधिकृत गॅरेजमध्ये सर्व्हिस, एमओटी स्वच्छ. ती सहाशे पौंडांनी महाग आहे. सासरे भारतातून फोनवर आग्रह करत आहेत की २४ हजारवाली सोडू नये.

स्लाऊ

—

प्रेषक : हाउन्स्लो येथील एक जुने सभासद

ताई,

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगावा आणि यारिस घ्यावी. जॅझचे टायर, ब्रेक, बॅटरी आणि गिअरबॉक्सचे तेल यांवर खर्च केला की सहाशे पौंडांचा फरक उरत नाही, आणि कोऱ्या चार वर्षांचे उत्तर तरीही मिळत नाही. जॅझच्या मागच्या सीट उभ्या दुमडतात, त्यात मंडळाच्या गणपतीचे मखर आडवे न करता जाते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

यारिसला आणखी एक फायदा आहे. एप्रिल २०१७पूर्वी नोंदलेल्या गाड्यांचा कर कार्बनच्या प्रमाणावर ठरतो, त्यामुळे एप्रिल २०२५च्या दराने या हायब्रिडला वर्षाला २० पौंड पडतात. हीच गाडी एप्रिल २०१७नंतर नोंदलेली असती, तर १९५ पडले असते. टोयोटाची सर्व्हिसगणिक वर्षभर वाढणारी वॉरंटी मात्र दहा वर्षे किंवा एक लाख मैल यांपैकी जे आधी येईल तेथे संपते, म्हणून नोंदणीची नेमकी तारीख पाहावी आणि मुदत शिल्लक असेल, तर सर्व्हिस अधिकृत गॅरेजमध्येच करून द्या, असे व्यापाऱ्याला सांगावे. सहाशेंपैकी निम्मे तरी तेथेच भरून निघतील.

पाहायला जाल तेव्हा मागच्या सीटजवळ हायब्रिड बॅटरीला हवा देणारी जाळी शोधावी. मुलांच्या बिस्किटांचा चुरा आणि कुत्र्याचे केस तेथे साचले की पंखा गुदमरतो आणि बॅटरी तापते. जाळी तुंबलेली असेल तर ती आपल्यासमोर साफ करून घ्यावी. क्रमांक टाकून रिकॉल (दोष सुधारण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावणे) बाकी आहे का, तेही सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे. व्यापारी स्लाऊच्याच बाजूचा असेल, तर बरोबर येईन, मात्र गाडी सकाळपासून सुरू केलेली नसावी, एवढे त्याला आधी कळवून ठेवावे.

आपला,
हाउन्स्लो