मदत हवी आहे: बाबांना डिमेन्शिया आहे, फॅमिली ट्रिपला न्यायचं का? नेलं तर कसं?

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल पण अर्धवट लिहिलं तर सल्लेही अर्धवट येतील म्हणून सगळं लिहितेय.

माझ्या बाबांना अल्झायमर्स आहे, डॉक्टर म्हणतात आता मॉडरेट स्टेज. चालतात व्यवस्थित, हाताने जेवतात, गप्पांची आवड अजून आहे फक्त पाच मिनिटांनी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. आंघोळीला आणि कपडे घालायला कोणीतरी लागतं. मला बहुतेक वेळा ओळखतात. माझ्या नवऱ्याला मात्र दर वेळी "हे कोण पाहुणे" असं विचारतात आणि मग त्याची इतकी सरबराई करतात की तो खूश आहे एकंदरीत. दिवसभर असं सगळं बरं चालू असतं आणि उजेड कमी झाला की येरझाऱ्या सुरू. "मला घरी जायचंय." घरातच बसून घरी जायचंय, त्यावर काय बोलणार. कधी कधी रात्री उठून दाराची कडी काढायला जातात.

तर आई-बाबा, दादा-वहिनी, आम्ही दोघं आणि मुलं असं सगळ्यांनी चार-पाच दिवस कुठेतरी जाऊ असं ठरतंय. खरं सांगायचं तर ही ट्रिप आईसाठी आहे. बाबांचं आजारपण सुरू झाल्यापासून ती धड कुठे गेलेली नाही, झोपली तरी एक कान दाराकडे असतो. तिला म्हटलं तू एकटी चल आमच्याबरोबर, तर "ह्यांना ठेवून मी येणार नाही" हे एकच वाक्य. दादा म्हणतो चार दिवस केअर होममध्ये ठेवू, तिथे ट्रेन्ड माणसं असतात. वहिनी म्हणते ट्रिपच नको, उगाच सगळ्यांना ताप. आणि मी मध्ये, रोज एकाचा फोन घेते.

माझे प्रश्न असे आहेत. विमानाने दोन तास बरे की गाडीने सात-आठ तास? हॉटेल घ्यावं की एखादं अख्खं घर? बाबांना आधी सांगायचं का, कारण एकदा सांगितलं की ते रोज बॅग भरून दाराशी बसतात. ओळखीच्या एकांनी सुचवलं की प्रवासात उलटीची गोळी द्या, छान झोपून राहतील, तर हे कितपत बरोबर आहे? बाहेरच्या टॉयलेटचं काय करता, आईला पुरुषांच्या टॉयलेटमध्ये जाता येत नाही आणि बाबांना एकटं सोडता येत नाही. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे नव्या जागी रात्री उठून बाहेर पडले तर?

नुसतं "नेऊच नका" असं कृपया लिहू नका, का ते पण लिहा.

प्रतिसाद:
पाच दिवसांचं बुकिंग करायच्या आधी एक रात्र दुसरीकडे राहून बघा. तुमच्याच घरी आणा त्यांना, किंवा दादाकडे. एक रात्र निभावली तर पुढचं बोला. कुठे पाहुणे म्हणून गेल्यावर थोड्याच वेळात परत जायचा हट्ट, गर्दीत आरडाओरडा, अंगावर धावून जाणं, सारखे संशय, असं हल्ली होत असेल तर लांबच्या प्रवासाचा विचार सोडलेलाच बरा. तुमच्या लिहिण्यावरून तरी अजून तिथपर्यंत आलेलं वाटत नाही, पण संध्याकाळचं ते घरी जायचंय लक्षात घ्या, नवीन जागी ते वाढतं. कुठलाही प्रवास असो, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचंच.

प्रतिसाद:
उलटीच्या गोळीबद्दल लिहायलाच हवं, मी फार्मसीत काम करते. अजिबात देऊ नका. प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन असल्या ज्या गोळ्या उलटीसाठी, सर्दीसाठी किंवा झोप येते म्हणून सहज घेतल्या जातात त्या अँटिकोलिनर्जिक असतात. अल्झायमर्समध्ये मेंदूतलं अ‍ॅसिटाइलकोलीन, म्हणजे आठवणीसाठी लागणारं रसायन, आधीच कमी पडलेलं असतं. बाबांना डोनेपेझिल चालू असेल, बऱ्याच जणांना असतं, तर ते औषध जे काही अ‍ॅसिटाइलकोलीन उरलंय ते टिकवायला दिलेलं असतं, आणि ही गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. मग माणूस झोपतो कसला, उलट जास्त गोंधळतो, लघवी अडकते, बद्धकोष्ठ होतं, तोल जाऊन पडतो. खरंच गाडी लागत असेल किंवा खूप घाबरत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा, आणि जे देतील ते निघायच्या आधी घरी एकदा देऊन बघू का हेही विचारा. नव्या औषधाचा पहिला डोस विमानात नको.

दुसरं, डोनेपेझिलच्या गोळीऐवजी त्याच कामाच्या रिव्हास्टिग्मिनचा पॅच (अंगावर चिकटवायची औषधाची पट्टी) असेल तर पॅच लावायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. ट्रिपमध्ये चार हात मदतीला असतात, एक जण सकाळी लावतो, दुसऱ्याला पत्ताच नसतो, तो परत एक लावतो. कालचा काढल्याशिवाय आजचा लावायचा नाही. डबल झाला तर उलट्या होतात, नाडी मंदावते, प्रकरण गंभीर होऊ शकतं.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, दोन-तीन दिवसांची जास्तीची, मूळ पाकिटांसकट. आणि प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडचं नाव असतं ते दुसऱ्या गावी मिळेलच असं नाही, म्हणून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम कागदावर लिहून घ्या.

प्रतिसाद:
विमान की गाडी, तर सासऱ्यांना घेऊन दोन्ही केलंय. विमानात बसल्यावर काही त्रास नसतो, त्रास सगळा विमानतळावर. रांग, अनाउन्समेंट, बेल्ट काढा, खिसे रिकामे करा, अनोळखी माणूस अंगाला हात लावतो. तिकीट काढतानाच एअरलाइनला असिस्टन्स मागा, निदान 48 तास आधी. बाबा चालतात म्हणून व्हीलचेअर नको असं करू नका, व्हीलचेअरमुळे वेगळी रांग मिळते आणि माणूस एका जागी राहतो. पण नुसतं व्हीलचेअर म्हटलं तर पाय दुखत असतील एवढंच समजतात. डिमेन्शिया आहे हे स्पष्ट सांगा, एअरलाइनच्या सिस्टिममध्ये त्यासाठी डीपीएनए असा वेगळा कोड असतो, म्हणजे समजून घ्यायला मदत लागणारा प्रवासी. आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्याला बजावायचं की ह्यांना गेटवर एकटं सोडून जायचं नाही. ते जातात, त्यांना पुढचा पॅसेंजर असतो.

हिरव्या रंगाची, सूर्यफुलांची डिझाइन असलेली लेस गळ्यात घालायला मिळते ती माहितीये का? दिसून न येणारं अपंगत्व असलेल्यांसाठी 2016 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, आता बऱ्याच देशांतल्या विमानतळांवर चालते. तुमच्या विमानतळाच्या साइटवर बघा. स्टाफला ओळखता आली तर दर काउंटरवर बाबांच्या समोरच "यांना विसरायचा आजार आहे" असं बोलायची वेळ येत नाही, आणि ते फार बरं पडतं, कारण ऐकू सगळं येत असतं त्यांना. लेस नसेल तर छोट्या चिठ्ठ्या लिहून ठेवा, "माझ्या वडिलांना डिमेन्शिया आहे, थोडा वेळ लागेल, प्लीज सांभाळून घ्या", आणि मुकाट्याने पुढे करायची.

सीट खिडकीची किंवा मधली त्यांना, बाहेरची तुम्हाला. टॉयलेटला आत अडकले तर घाबरू नका, विमानातल्या टॉयलेटची कडी क्रूला बाहेरून उघडता येते. बाकी ठिकाणी अपंगांसाठीचं किंवा फॅमिली टॉयलेट शोधायचं, तिथे बाई-पुरुष दोघांना जाता येतं. ते नसेल तर दादा किंवा जावई. म्हणजे बाहेर फिरताना एक पुरुष कायम बाबांबरोबर हा नियमच करून टाका.

गाडीने गेलात तर मागच्या दाराला चाइल्ड लॉक आणि शेजारी कोणीतरी बसलेलं. पण सात-आठ तास म्हणजे थांबत थांबत दहा होतात, माझं मत विमानालाच.

धागाकर्ती:
किती छान लिहिताय सगळे, खूप आभार! डोनेपेझिल चालू आहे बाबांना, म्हणजे उलटीची गोळी कॅन्सल. बरं झालं विचारलं.

राहायच्या जागेबद्दल आणि रात्रीबद्दल कोणी सांगेल का? आमचा विचार असा आहे की आई-बाबांना एक खोली, आम्हाला एक, दादाला एक, मुलं एकत्र.

प्रतिसाद:
ताई, तुम्हीच वर लिहिलंय की ट्रिप आईसाठी आहे. मग रात्री बाबांच्या खोलीत आईच का? घरी जी रात्रपाळी करते तीच ती दुसऱ्या गावात करणार, वर जागा नवी म्हणजे जागरण जास्त. तिला फक्त स्वयंपाकाची सुट्टी मिळेल. रात्री दादा किंवा तुम्ही बाबांजवळ झोपा, आईला लांबची खोली द्या. ती नाही म्हणेल. तिला सांगा पहिल्या रात्री बघू, नाही जमलं तर उठवतो. आईशिवाय बाबांना झोपच लागत नसेल तर गोष्ट वेगळी, पण ते वरती सांगितलेल्या ट्रायलच्या रात्रीच कळेल, तेव्हाच हे करून बघा.

आणि दिवसाचंही ठरवून घ्या. सकाळी कोण, दुपारी कोण, नावानिशी. "आपण सगळे आहोत की" असं म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय आणि बाबा तेवढ्यात गेटच्या बाहेर. ड्युटी बदलताना तोंडाने सांगायचं, आता बाबा तुझ्याकडे. मोठ्या मुलांनाही अर्धा-पाऊण तास द्या, नातवंडांशी बऱ्याचदा जास्त चांगलं जमतं, ती चुका काढत नाहीत.

प्रतिसाद:
अख्खं घर घ्या, हॉटेल नको. हॉटेलात सगळी दारं सारखी, कॉरिडॉर सारखा, आपल्यालाही कळत नाही तर त्यांना काय कळणार. तळमजला, बाहेर जायचं दार शक्यतो एकच. पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी खोली बघून घ्यायची. मोठा आरसा असेल तर चादर टाका त्याच्यावर, रात्री स्वतःलाच बघून "खोलीत कोण माणूस आहे" म्हणून घाबरतात. काळी किंवा गडद सतरंजी गुंडाळून ठेवा, त्यांना तो खड्डा वाटू शकतो, मग पाऊल टाकत नाहीत. टॉयलेटचा लाइट रात्रभर चालू, दार उघडं, पलंगावरून दिसेल असं. आतली कडी त्यांना लावताच येणार नाही अशी चिकटपट्टी लावून ठेवा. गरम पाण्याचा नळ तुम्ही सोडायचा.

दारासाठी बॅटरीवरचा छोटा अलार्म मिळतो, दार हललं की वाजतो. बाहेरून कुलूप लावून आत एकटं ठेवू नका, आग-बिग लागली तर काय. घरची उशी आणि रोजचं पांघरूण नक्की न्या, आपल्याला ओझं वाटतं पण घरच्या वासाची एखादी वस्तू जवळ असली की फरक पडतो.

सांगायचं कधी, तर आदल्या दिवशी संध्याकाळी पण नाही, सकाळी निघताना. "आपण सगळे फिरायला जातोय, आई पण आहे" बास. पुढचं विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर नका सांगू. बॅग ते झोपल्यावर भरा.

प्रतिसाद:
हरवायच्या भीतीबद्दल. मनगटावर नाव आणि दोन मोबाइल नंबर असलेलं कडं, काढता न येणारं. गळ्यातलं किंवा खिशातलं कार्ड ते काढून ठेवतात. जीपीएसवालं काहीतरी असेल तर उत्तम, पण चार्ज कोण करणार ते ठरवा. आणि रोज सकाळी कपडे घातले की मोबाइलवर एक फोटो काढायचा, कारण माणूस दिसेनासा झाल्यावर आज कुठला शर्ट होता ते कुणालाच आठवत नाही. शर्ट भडक रंगाचा असला तर अजून चांगलं.

अजून एक, तिथे एकाएकी फार बिघडले, म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, ओळखेनासे झाले, भास व्हायला लागले किंवा नुसतेच झोपून राहिले तर "जागा बदलल्याचा परिणाम" म्हणून बसू नका. डिमेन्शिया असा एका दिवसात सहसा वाढत नाही. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, असलं काहीतरी असतं, त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्यावर लगेच उपचार लागतात. प्रवासात टॉयलेटची कटकट नको म्हणून लोक पाणीच कमी देतात. तसं करू नका.

प्रतिसाद:
मी दादाच्या बाजूने. सगळे न्या न्या म्हणताय पण केअर होम म्हणजे टाकून देणं नव्हे. माझ्या आईला आम्ही ठेवलं होतं. एकदम चार रात्री ठेवू नका, आधी दोन-तीन वेळा दिवसापुरतं, मग एक रात्र. तिथल्या लोकांना त्यांच्या सवयी लिहून द्या, चहा कसा घेतात, कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, चिडले की कशाने शांत होतात. अडचण तुमच्या आईची आहे, बाबांची कमी. ती तयार नसेल तर ती ट्रिपभर फोनला चिकटून बसेल आणि मग तीही सुट्टी नाहीच. पण आजार पुढे जाणार, कधी ना कधी हे लागणार, तर सवय आत्तापासून करा.

धागाकर्ती:
सगळ्यांचं वाचून दादाशी तासभर बोलले. पाच दिवसांचे तीन केले, विमानाने, अख्खं घर, तळमजला. त्याआधी एक रात्र दादाकडे आणि तेव्हा बाबांजवळ दादा झोपणार. ती रात्र नीट गेली नाही तर ट्रिप आईला आणि मला, दोघींनाच, आणि दादा बाबांकडे येऊन राहील, हे त्याने स्वतःहून सांगितलं. वहिनी पण आता यादी करतेय. आईला अजून रात्रीच्या खोलीचं सांगितलेलं नाहीये, ते दादाच सांगेल, त्याचं ऐकते ती.

केअर होमचंही चौकशी करून ठेवणार आहे, नंतरसाठी.

एकच राहिलं, ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डिमेन्शिया लिहायचा का? एजंट म्हणतोय नाही लिहिलं तर हप्ता कमी बसेल.

प्रतिसाद:
लिहायचाच! आधीपासूनचा आजार लपवला तर क्लेम नाकारतात, आणि मग ते डिमेन्शियाशी संबंध नसलेल्या फ्रॅक्चरसाठीही भांडत बसावं लागतं. उलट कंपनीकडून लेखी घ्या की हा आजार कव्हर आहे. आणि आयत्या वेळी तुम्हाला ट्रिप रद्द करावी लागू शकते, तर कॅन्सलेशन त्यात आहे का आणि ते आधीच्या आजारामुळे झालं तरी देतात का हे विचारा, बहुतेक जण ते वाचत नाहीत. तिकिटं पण रिफंडेबल बघा, थोडी महाग पडली तरी. एजंट बदला.