प्रति: अनंत सावलीत फुलतो का?

अनंत (पांढऱ्या, सुवासिक फुलांचं झुडूप) सावलीत फुलतच नाही, हे या चर्चेत आधी कुणी मांडलेलं मत कोकणापुरतं तरी मला पटत नाही. आमच्याकडे पोफळीच्या कडेला, पाटाच्या ओलीत तो छान फुलतो. सकाळचं कोवळं ऊन मिळालं की पुरे. अगदी गर्द सावलीत कळ्या कमी धरतात, एवढं खरं.

पानं पिवळी का पडतात, ते मात्र कुणी लिहिलं नाही. अनंताला आम्लधर्मी माती लागते, आणि आपली जांभ्याची माती तशीच असते. पण चुलीतली राख बुंध्याशी टाकत राहिलं की तो आम्लपणा उतरतो, मुळांना लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. राख माडाला घाला, अनंताला कुजलेला पालापाचोळाच द्या.